दिवाळीत बेघरांना मदत: काय द्यावं, कधी द्यावं, कुणाला फोन करावा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुणे स्टेशनच्या बाहेर लाडूंचा तुटवडा नसतो. एकाच फुटपाथपाशी तासाभरात तीन-चार गाड्या थांबतात आणि प्रत्येक गाडीतून जवळपास तोच पुडा निघतो: दोन लाडू, मूठभर चिवडा, एक चकली. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, यात शंका नाही. पण त्याच फुटपाथवर पाडव्याला सकाळी गरम चहा मिळत नाही, आणि डिसेंबरअखेर थंडी पडते तेव्हा एकही गाडी फिरकत नाही.

आम्ही काही मित्रमैत्रिणी पुण्यात हे काम करतो. आमची नोंदणीकृत संस्था वगैरे नाही, सगळे नोकरी सांभाळून रात्री बाहेर पडणारे. दर दिवाळीच्या आधी ओळखीचे लोक विचारतात, ‘आम्हालाही काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?’ त्यांना जे सांगतो तेच इथे नीट क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, नागपूर, ठाणे, कोल्हापूर कुठेही थोड्या फरकाने हेच लागू पडेल.

१. काही न घेता एक-दोन रात्री फिरून या

पहिल्या फेरीत हातात पिशवी नको. रात्री साडेदहा-अकरानंतर दोघं-तिघं मिळून आपल्याच भागात चालत फिरा. एसटी स्टँडच्या आसपास, रेल्वे स्टेशनच्या बाहेर, उड्डाणपुलाखाली, सरकारी दवाखान्याच्या भिंतीलगत, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, देवळाच्या कट्ट्यावर. कोण कुठे झोपतं, बायका कुठल्या बाजूला असतात, मुलं आहेत का, कुणी खूप खोकतंय का, एवढंच बघा.

बहुतेक नवख्यांचा इथेच पहिला गैरसमज उतरतो. उघड्यावर झोपणारे सगळे भीक मागत नाहीत. बरेच जण दिवसभर काम करतात: मजूर अड्ड्यावर उभे राहणारे, हमाल, लग्नात वाढपी म्हणून जाणारे, भंगार वेचणारे, सिग्नलवर फुगे विकणारे. खोलीचं डिपॉझिट जमत नाही म्हणून ते रस्त्यावर असतात. काही म्हातारी माणसं घरातून बाहेर पडलेली किंवा काढलेली असतात. काहींचं मानसिक आजारपण अंगावर निघालेलं असतं. आणि ससूनच्या आसपास किंवा परळला टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर जे दिसतात, ते गावाकडे घर असलेले, पण रुग्णासोबत शहरात अडकलेले नातेवाईक असतात. या प्रत्येकाची गरज वेगळी असते. हमालाला तुमचा लाडू नको असतो, त्याला सामान ठेवायला जागा हवी असते.

२०११च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली गेली, महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांच्या वर. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. त्या रात्री जो कामावर होता, किंवा पोलिसांनी उठवलं म्हणून जागा बदलून कुठेतरी आडोशाला गेला, तो कितपत मोजला गेला असेल ते तुम्ही एक फेरी मारलीत की कळेल.

२. दिवाळी फुटपाथवरून कशी दिसते ते समजून घ्या

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि कुणीच याचा विचार करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस हमालांना, हातगाडीवाल्यांना कामाचे असतात. पैसे बरे मिळतात, पण झोप जाते. ज्या दुकानाच्या पायरीवर एरवी नऊ-साडेनऊला पथारी पसरता येते, ते दुकान आता रात्री बारापर्यंत उघडं असतं. फुटपाथवर पणत्या, आकाशकंदील, रांगोळी आणि किल्ल्यावर मांडायच्या मावळ्यांचे स्टॉल लागतात. नेहमीची जागा गेली की माणूस अनोळखी ठिकाणी जातो, आणि तिथे सामान चोरीला जातं. या दिवसांत तुम्हाला ओळखीची माणसं सापडली नाहीत तर नवल नाही.

मग लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. आता उलटं होतं. मजूर अड्डा ओस पडतो, कारण बांधकामं बंद. मार्केट यार्ड बंद, म्हणून हमाली नाही. खानावळी आणि अमृततुल्य बंद, कारण तिथली पोरं गावी गेलेली. म्हणजे हातात कमाई नाही आणि असलेल्या पैशात विकत घ्यायला गरम अन्नही नाही. या तीन दिवसांत लोकांना खायला मिळतं ते फक्त आपण वाटलेलं गोड आणि तळकट. भाऊबीजेपर्यंत अनेकांचं पोट बिघडलेलं असतं, आणि सार्वजनिक शौचालयात जायचं तर तिथेही कित्येकदा पैसे मोजावे लागतात.

रात्रभर फटाके. ज्याला दार लावून घ्यायला दारच नाही, त्याच्या उशाशी सुतळी बॉम्ब फुटतात. दम्याच्या माणसांचे हाल होतात, आणि सकाळी अर्धवट जळालेले फटाके गोळा करणारी मुलं हात भाजून घेतात.

आणि भाऊबीज झाली की सामसूम. आपल्याकडे ‘दिवाळीची थंडी’ म्हणतात खरं, पण पुण्यात खरा कडाका पडतो डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत. पारा दहाच्या खाली जातो तो तेव्हा. नाशिक, निफाडकडे तर त्याहून खाली.

म्हणून आमचा सल्ला असा: तुमचं जे काही बजेट असेल, त्याचे तीन भाग करा. एक भाग पाडवा-भाऊबीजेच्या गरम जेवणाला, एक भाग थंडीला, आणि उरलेला दवाखाना आणि कागदपत्रांच्या धावपळीला. फराळावर वेगळा खर्च करू नका. तो कुणी ना कुणी आणतोच.

३. काय द्यायचं आणि काय नाही

आधी खाण्याचं.

ज्यांना दात नाहीत अशा आजी-आजोबांना चकली देऊन आपण नेमकं काय साधतो? कडक बुंदीचा लाडूही त्यांना फुटत नाही. फराळच द्यायचा असेल तर शंकरपाळी बरी, चहात बुडवून खाता येते. पातळ पोह्यांचा मऊ चिवडा चालतो. मधुमेह इथेही भरपूर आहे, आणि गोळ्या वेळेवर घेणारे थोडे. गोड देण्याआधी ‘साखरेचा त्रास आहे का?’ हे विचारायला लाजू नका.

सगळ्यात चांगलं म्हणजे ताजं, मऊ, कमी तिखट जेवण: मुगाची खिचडी, वरण-भात, पोळी-भाजी, केळी, उकडलेली अंडी. अंडं देताना आधी विचारा, कारण कित्येकजण माळकरी असतात किंवा त्यांचा वार असतो. पिण्याचं पाणी सोबत हवंच. खिचडी रात्री करून सकाळी वाटायची नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती चार-पाच तासांत आंबते. सोसायटीत उरलेलं जेवण वाटायचं असेल तर ते आधी स्वतः खाऊन बघा आणि त्याच रात्री पोचवा. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढलेलं नको.

स्वयंपाक जमणार नसेल तर सणाच्या दिवशी उघडी असलेली एखादी खानावळ गाठा आणि तिच्याकडून थाळ्या बांधून घ्या. दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीची योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. तुमच्या भागातलं केंद्र चालू आहे का आणि सुट्टीत उघडं राहणार का, हे आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. गुरुद्वाऱ्यातला लंगर हा भरवशाचा पर्याय असतो. अनेकांना तिथे आपल्याला येऊ देतील का याची धास्ती असते, म्हणून पहिल्यांदा सोबत जाऊन तिथेच पंगतीला बसा.

आता वस्तू. आमच्या अनुभवात मागणी ज्या क्रमाने येते, तो क्रम असा:

- चपला. वापरलेल्या चालतात, पण जोड पूर्ण आणि तळ शाबूत हवा. पुरुषांचे आठ-नऊ नंबर लवकर संपतात.
- नवीन अंतर्वस्त्रं. जुने कपडे सगळे देतात, ही कुणी देत नाही. बायकांसाठी परकर आणि सॅनिटरी पॅड.
- चेन लागणारी पाठीवरची बॅग, जुनी असली तरी. डोक्याखाली घेऊन झोपता येते.
- डासांचं मलम. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात.
- अंगाचा छोटा साबण, कंगवा, खोबरेल तेल, नेलकटर.
- कानटोपी आणि मोजे. हे डिसेंबरसाठी बाजूला ठेवा.

दिवाळीच्या साफसफाईत निघालेले कपडे सरसकट पोत्यात भरून नेऊ नका. फाटके, डाग पडलेले, चेन तुटलेले बाजूला काढा. सुती साड्यांना मात्र कायम मागणी असते. नेसायला, पांघरायला, बाळाची झोळी बांधायला, आडोसा करायला, सगळ्याला साडी चालते. कोट-ब्लेझर कृपा करून देऊ नका. ते घालून मजूर अड्ड्यावर उभं राहिलं तर काम कोण देणार?

रोख पैसे द्यावेत का? आमच्या गटात यावर दर वर्षी वाद होतो. माझं मत: ओळख झालेल्या मोठ्या माणसाला, ठरावीक कारणासाठी, जरूर द्यावेत. गावी जायचं तिकीट, चष्म्याची काच, हातगाडीचं भाडं. सिग्नलवरच्या लहान मुलाच्या हातात नोट देऊ नये. ती संध्याकाळी कुणाच्या हातात जाते ते आपल्याला दिसत नाही.

४. वाटप करायचं नाही, विचारायचं

टेम्पोच्या मागे रांग लावून वाटप केलं की धट्टीकट्टी माणसं पुढे येतात. ज्याला उठता येत नाही त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही, आणि शेवटी ढकलाढकली ठरलेली. गाडी लांब लावा. दोघांनी चालत एकेकाकडे जा. ‘काका, जेवण झालं का?’ ‘मावशी, पायात काही घालायला आहे का?’ अशी सुरुवात पुरे होते. वयाने कितीही लहान, कपड्याने कितीही मळका असला तरी मोठ्या माणसाला ‘तुम्ही’च म्हणायचं. झोपलेल्याला हलवून उठवू नका. रात्री खांद्याला हात लावणारा माणूस बहुधा हुसकावायला आलेला असतो.

बायकांशी बोलायला गटातली बाईच पुढे हवी. रात्री फक्त पुरुषांनी जाऊन ‘ताई, काही हवंय का?’ विचारणं त्या बाईला भीतीदायकच वाटणार.

फोटो काढू नका. ‘पाठमोरा घेतो’, ‘चेहरा पुसट करतो’ असलंही काही नको. काहींच्या घरी ते रस्त्यावर राहतात हे माहीत नसतं. एखादी बाई मारकुट्या नवऱ्यापासून लपलेली असते. देणगीदारांना पुरावा हवा असेल तर खरेदीच्या बिलांचे फोटो पाठवा.

काही लोक नाही म्हणतील. तुम्ही दिलेली चादर चार दिवसांनी जुन्या बाजारात विकल्याचंही कळेल. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्या दिवशी औषध घ्यायचं असेल, दारूही प्यायची असेल. दिलेली वस्तू त्याची झाली. दारू प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री वाद घालू नका, जेवण ठेवून पुढे जा.

आणखी दोन सापळे. रेल्वे स्टेशनच्या आवारात किंवा फलाटावर वाटायचं असेल तर आधी स्टेशन अधीक्षकांची परवानगी घ्या, नाहीतर तुमच्यापेक्षा तिथे झोपणाऱ्यांना त्रास होतो. आणि पैसे गोळा करताना: ओळखीपाळखीतून जमवलं तर प्रश्न नाही, पण जाहीर आवाहन करून वर्गणी काढायची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. कुठल्याही गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा, त्याला ती प्रक्रिया तोंडपाठ असते. एवढा व्याप नको असेल तर आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी जोडून घ्या.

५. पहिली आंघोळ

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण दिवाळीतच शोभतो. नरक चतुर्दशीला वस्तीजवळच्या, आंघोळीची सोय असलेल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या चालकाशी आदल्या आठवड्यात बोलून ठेवा. त्या दिवशीच्या आंघोळींचे पैसे आगाऊ भरा आणि गरम पाण्याची सोय होईल का ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती नसते, तेव्हा बाहेर बंब किंवा मोठी शेगडी लावावी लागेल. तेल, उटणं, साबण, नवा पंचा आणि एक धुतलेला जोड एवढं पुरतं. शक्य असेल तर एक केस कापणारा बसवा. त्याच्यासमोरची रांग सगळ्यात मोठी असते.

बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, दारावर गटातली बाई उभी करा. जखमा असलेल्यांना सरळ पाण्याखाली नेऊ नका, आधी दवाखाना. आणि काढलेले जुने कपडे परस्पर फेकून देऊ नका. त्यांच्या शिवणीत पैसे असतात, कागद असतात, फोटो असतात.

६. निवारा केंद्र आधी स्वतः पाहून या

अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यांना बजावलं की शहरांत बेघरांसाठी वर्षभर, चोवीस तास चालणारे निवारे हवेत, दर लाख लोकसंख्येमागे किमान एक. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी वेगळी योजना आली आणि तिच्या मार्गदर्शक सूचनांत दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय हे सगळं लिहिलेलं आहे. पुणे, मुंबईला हिशेब लावून बघा, म्हणजे कागद आणि रस्ता यांतलं अंतर कळेल.

तरीही जी केंद्रं आहेत ती उपयोगाची आहेत. पुण्यात महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे यादी मिळते. इतर शहरांत महापालिकेत किंवा नगरपालिकेत चौकशी करा. यादी हातात आली की फोनवर विसंबू नका, स्वतः जा आणि हे विचारून घ्या:

- पुरुष, बायका, की कुटुंब? नवरा-बायको-मुलांना एकत्र घेणारी केंद्रं फार थोडी असतात.
- रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश? वाढप्याचं काम करणारा माणूस साडेबाराला सुटतो.
- आधार कार्ड नसेल तर घेतात का?
- सामान ठेवायला कुलपाची जागा आहे का? हातगाडी बाहेर लावता येते का?
- आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेतात का?
- काही शुल्क आहे का?

हे माहीत नसताना एखाद्याला रिक्षात घालून नेलं आणि दारावरून परत पाठवलं, तर तो पुन्हा तुमच्याबरोबर कुठेच यायचा नाही. आणि कितीही चांगलं केंद्र असलं तरी काही जण येणार नाहीत. कामाचा अड्डा लांब पडतो, पाळलेला कुत्रा आत घेत नाहीत, बिडी ओढू देत नाहीत. जबरदस्ती करायचा अधिकार आपल्याला नाही. एकदा सोबत येऊन नुसतं बघून जा म्हणावं.

एक गोष्ट बजावून सांगतो: ‘आमच्या गल्लीतले भिकारी उचला’ असा फोन पोलिसांना करणं ही मदत नव्हे. राज्यात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे आणि त्याखाली पकडलेल्या माणसाला न्यायालय एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात पाठवू शकतं.

७. फोन कुणाला करायचा

हे क्रमांक मोबाईलमध्ये आजच साठवा. सगळे मोफत आहेत.

- १०८: रुग्णवाहिका. बेशुद्ध, रक्तस्राव, धाप, अंग गार पडलेलं.
- ११२: पोलीस आणि इतर तातडीची मदत.
- १०९८: एकटं, हरवलेलं किंवा मारहाण होत असलेलं मूल.
- १८१: संकटातली स्त्री.
- १४५६७: ज्येष्ठ नागरिक. बेवारस सोडलेल्या वृद्धांसाठीही.
- १४४१६: मानसिक आरोग्याचा सल्ला, मराठीतही.

१०९८ बद्दल थोडं. मूल आईबापासोबत फुटपाथवर राहत असेल, तर केवळ गरिबी दिसली म्हणून लगेच फोन करू नका, आधी आईशी बोला. एकटं मूल सापडलं तर मात्र त्याला घरी घेऊन जायचं नाही, कितीही दया आली तरी. कायद्याने त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. तुम्ही फोन करून मदत येईपर्यंत तिथेच थांबा.

मानसिक आजाराची व्यक्ती, म्हणजे अंगावर कपड्यांचे थर, स्वतःशी बोलणं, जखमेचंही भान नसणं असं दिसलं तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० लक्षात ठेवा. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणं ही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठाण्यात हे कलम नम्रपणे पण नाव घेऊन सांगा, शक्यतो लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. उपचार करून माणसाला त्याच्या घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतहून करते. त्याबद्दल त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बेघर मनोरुग्ण बायकांसाठी डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं अहिल्यानगरजवळचं काम तितकंच मोठं आहे. अशा संस्थांच्या जागा कायम भरलेल्या असतात, म्हणून माणसाला घेऊन थेट दारात उभे राहू नका. आधी फोन करा.

सरकारी दवाखान्यात दाखल केल्यावर काम संपत नाही. सोबत कुणी नसलेल्या रुग्णाची तपासणी, बाहेरचं औषध, एक्स-रेला नेणं, सगळं रेंगाळतं. पहिल्याच दिवशी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पद सरकारी रुग्णालयांत असतं आणि निराधार रुग्णाची व्यवस्था बघणं त्यांच्या कामातच येतं. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव ठेवाव्या लागतात. तिथेही समाजसेवकांकडूनच सुरुवात करा.

८. थंडीची फेरी: २० डिसेंबर

तारीख मनाने निवडलेली नाही. २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबा गेले. भुकेल्यांना अन्न, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा ही त्यांची यादी शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही बाहेरगावहून आलेल्या कॅन्सर रुग्णांना आणि नातेवाइकांना राहायला जागा देते. टाटाच्या फुटपाथवर कुणी भेटलं तर आधी तिथे चौकशी करायला सांगा. आम्ही २० डिसेंबरच्या आसपासची रात्र धरतो, कारण तेव्हा पुण्यात थंडी बसलेली असते.

ब्लँकेट घेताना लोक सर्वात जाड, मखमली, फुलाफुलांचं उचलतात. ते झोपायला उत्तम, पण सकाळी सहाला उठून दिवसभर वागवायचं कसं? भिजलं तर दोन दिवस वाळत नाही. मग ते झाडावर किंवा भिंतीमागे ठेवलं जातं आणि संध्याकाळपर्यंत कचऱ्याच्या गाडीत नाहीतर अतिक्रमणाच्या ट्रकमध्ये जातं. घडी करून पिशवीत बसेल असं मध्यम वजनाचं घ्या. सिंथेटिक कापड शेकोटीच्या ठिणगीने झटकन वितळतं, म्हणून जिथे लोक शेकोटी करतात तिथे सोलापुरी चादर, लोकरीची घोंगडी किंवा जुन्या साड्यांची गोधडी बरी.

आणि खालून येणारी थंडी विसरू नका. फरशी किंवा सिमेंट अंगातली सगळी ऊब ओढून घेतं. पांघरूण एक असेल तर अंथरूणही एक हवं: सतरंजी, जाड चटई, पुठ्ठा. त्याखाली फ्लेक्स. पुण्यात दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स कमी नाहीत. वाढदिवस झाल्यावर कार्यकर्त्यांकडून मागून घ्या, आनंदाने देतात. ओल वर येऊ न देण्यासाठी याहून चांगली गोष्ट फुकटात मिळत नाही. नेत्याचा चेहरा जमिनीकडे करायचा की आकाशाकडे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फेरीला सोबत घ्यायचं: टॉर्च, गरम चहाचा थर्मास, प्रथमोपचाराची पेटी, वही-पेन, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक (लोकांना स्वतःचा फोन चार्ज करून हवा असतो), थोडे सुटे पैसे, तुमचं ओळखपत्र. डोकेदुखीच्या गोळीपलीकडे कुठलंही औषध स्वतःहून देऊ नका. कुणी गारठून बोबडं बोलत असेल, कापणं थांबून सुस्त पडला असेल तर त्याला दारू पाजू नका, आगीजवळ ओढत नेऊ नका. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा आणि १०८ लावा.

९. कागदपत्रं

हे काम दिवाळीचं नाही, पण दिवाळीत झालेल्या ओळखीतूनच पुढे सरकतं, म्हणून शेवटी.

बहुतेकांचं आधार कार्ड एक तर हरवलेलं असतं किंवा काढलेलंच नसतं. हरवलेलं असेल तर नवीन काढायचा प्रयत्न करू नका, बोटांचे ठसे जुळून अर्ज फेटाळला जातो. आधार केंद्रावर नेऊन ठशांवरून जुनाच क्रमांक शोधून घ्या. हमालांचे, भंगार वेचणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा डोळ्यांच्या बुबुळांवरून प्रयत्न करायला सांगा. कधीच काढलेलं नसेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला पत्त्यासाठी चालतो. नवीन नोंदणी मोफत असते. बाहेर टेबल टाकून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा.

रेशनसाठी ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य मिळू शकतं, नाव त्या कार्डात आणि आधारशी जोडलेलं असेल तर. पण धान्य शिजवायचं कुठे हा प्रश्न आहेच. चूल असलेल्या कुटुंबांनाच याचा उपयोग होतो.

मतदार नोंदणी फारशी कुणाला ठाऊक नाही. बेघर माणसाला त्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, एकापेक्षा जास्त रात्री. म्हणून अर्ज भरल्यावर त्या माणसाला काही दिवस जागा बदलू नका म्हणून सांगा, आणि जमलं तर अधिकाऱ्याला आधी फोन करून पुलाचा नेमका कितवा खांब ते कळवा.

तयार झालेला प्रत्येक कागद लॅमिनेट करा. दोन झेरॉक्स काढा: एक त्या माणसाच्या बॅगेत आणि दुसरी तो ज्याच्याकडे रोज चहा पितो त्या टपरीवाल्याकडे, दोघांचीही परवानगी विचारून.